वाचलेली मुले

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक दोनच कामांसाठी येतात : लग्नपत्रिकेचा मजकूर दाखवायला, नाहीतर इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द मागायला. माझी पुतणी सुमन कागद घेऊन आली, तेव्हा पत्रिका असेल अशी मला आशा वाटली. निघाला प्रतिशब्द!

"काका, 'सर्व्हायव्हर'ला मराठीत काय म्हणायचं?"

सुमन अमेरिकेत संशोधन करते. लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांचे पुढे काय होते, हा तिचा विषय. तिथल्या परिषदेत निबंध वाचण्याआधी तो घरच्यांना समजेल असा सांगून पाहायचा होता. मी परीक्षकाच्या थाटात बसलो.

ती सांगू लागली. 1948 साली बोस्टनच्या सिडने फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना औषधाने काही काळ आराम पडल्याचे जाहीर केले. ते औषध पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव! आज अमेरिकेत 100 पैकी सुमारे 85 मुले पाच वर्षे पार करतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध प्राण वाचवते. पण मात्रा मोठी झाली, तर कित्येक वर्षांनी हृदय कुरकुरू लागते. 1994 पासून तिकडे अशा हजारो जणांची वर्षानुवर्षे विचारपूस चालली आहे.

"म्हणून प्रत्येकाजवळ कागद हवा, काका. कोणतं औषध, किती दिलं, त्याचा."

मी चष्मा पुसू लागलो. सुमन स्वतःच लहानपणी त्या आजारातून उठली होती. उपचार संपले, त्या दिवशी तिची फाइल गावच्या घरी बंबात घातली ती मीच. 'गेली पीडा!' म्हणालो होतो. घरात पुरणपोळी झाली होती.

"आईनं सांगितलंय मला," सुमन हळूच म्हणाली. "इस्पितळात जुन्या नोंदी आहेत का, ते उद्या बघणार आहे. शब्द सुचला का?"

"वाचलेली," मी म्हणालो.

मराठी मोठी खट्याळ. मरणातून सुटणे तेही वाचणे आणि अक्षरांवरून डोळे फिरवणे तेही वाचणे. उभा जन्म मुलांना वाचायला शिकवण्यात गेला, आणि वाचायलाच हवा होता तो कागद काही मी वाचू दिला नाही.

इस्पितळात दहाला जायचे ठरले. साडेनऊलाच मी पायांत वहाणा घालून ओट्यावर बसलो होतो.