अत्ते आणि आत्या

लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा सासूबाईंना 'अत्ते' म्हणायला शिकले. माहेरी आत्या म्हणजे वडिलांची बहीण. कन्नडमध्ये मात्र अत्ते म्हणजे आत्या, मामी आणि सासूही!

पुढे इरावतीबाई कर्वे यांचा 1953 सालचा नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ वाचला, तेव्हा उलगडा झाला. दक्षिणेत लग्ने नात्यातच होत, म्हणून नवे शब्द लागत नाहीत. महाराष्ट्र हा त्यांच्या मते मधला मुलूख. इथे बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, बहिणीची मुलगी मात्र नाही. सासऱ्याला आपण 'मामंजी' म्हणतो, ते उगीच नव्हे.

अत्तेंचे लग्न सख्ख्या मामाशी झाले. सासू म्हणजे त्यांची आजीच. "सासुरवास नाही बघ झाला," त्या सांगत. एकदा मी विचारले, "पण मामा पसंत होता का?"

त्या शेंगा सोलत राहिल्या. "आजीचंच घर. मला कोण विचारणार?"

परक्या घरी दिलेल्या मुलीला निदान बघायला तरी येतात. ओळखीच्या घरी तेवढेही नाही.

गेल्या दिवाळीत नणंदेने तिच्या मुलासाठी माझ्या मुलीचा विषय काढला. सगळे खूश. अत्ते तेवढ्या म्हणाल्या, "मोदल हुडुगीन केळ."

मुलगी धारवाडला शिकते. फोन मीच लावला.