ताईच्या वरघोड्याची कॅसेट



गेल्या चातुर्मासात चार दिवस धुळ्याला माहेरी गेले होते. संध्याकाळचं प्रतिक्रमण आटोपून आई आणि मी ओट्यावर बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "ताईच्या वरघोड्याची कॅसेट एकदा बघायची होती गं. तुमच्या कॉम्प्युटरवर दिसेल का?"

ताईने १९९६ साली धुळ्यात दीक्षा घेतली. दीक्षाविधीचं चित्रीकरण आमच्याकडे चालत नाही. पण आदल्या दिवशीचा आग्रा रोडवरून निघालेला वरघोडा, वर्षीदान आणि संध्याकाळचा अभिनंदन समारंभ अप्पांनी व्हिडिओवाल्याकडून काढून घेतला होता. त्याच्या दोन कॅसेट झाल्या. घरात दोन्हींचं नाव एकच, "वरघोड्याची कॅसेट". वर्षभर पाहुण्यांना दाखवल्या गेल्या आणि मग व्हीसीआरसकट पोटमाळ्यावर गेल्या. २००९ मध्ये अप्पा गेले. त्यानंतर पोटमाळ्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही.

मी आईला लगेच "हो" म्हणून टाकलं. कारण जळगावला आमच्याकडे टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. २००६ मध्ये घरात दुसऱ्या टीव्हीला जागा नव्हती, म्हणून ह्यांनी ते आणलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायचं, मागे केबलची वायर लावायची की मॉनिटरचाच टीव्ही व्हायचा. त्या कार्डाला व्हीसीआर जोडायचीही सोय होती, एवढं मला पक्कं आठवत होतं.

व्हीसीआर जुन्या साडीत गुंडाळला, दोन्ही कॅसेट पिशवीत टाकल्या आणि एसटीत बसले. पारोळा, एरंडोल करत जळगाव येईपर्यंत ते धूड मांडीवरच होतं.

घरी आल्यावर मुलाने कार्ड पाहिलं आणि हसायला लागला. "मम्मी, हे लावणार कुठे?" जुनी कार्डं पीसीआय नावाच्या खाचेत बसायची. आमच्या आताच्या कॉम्प्युटरला ती खाचच नाही. असती तरी नव्या विंडोजसाठी त्या कार्डाचं ड्रायव्हर मिळालं नसतं. आणि ज्या कामासाठी ते घेतलं होतं, ते कामही संपलेलं. २०१२ साली महानगरांपासून केबल डिजिटल होत गेली, ती आपल्या गावांपर्यंत आली. आता वाहिन्या सेट टॉप बॉक्समधून येतात, जुन्या ट्यूनरला त्या पकडता येत नाहीत. म्हणजे आज कुणी "कॉम्प्युटरला ट्यूनर घेऊ का?" विचारलं तर आधी उलट विचारा, तुम्हाला टीव्ही बघायचाय की कॅसेट उतरवायचीय? कॅसेटसाठी ट्यूनर लागतच नाही. त्यासाठी लागतं ते व्हिडिओ कॅप्चरचं यंत्र. व्हीसीआरमधून पिवळ्या पिनेतून चित्र येतं, पांढऱ्या आणि लाल पिनेतून आवाज. हे यंत्र ते घेऊन यूएसबीतून कॉम्प्युटरला देतं.

मग मी ऑनलाइन सर्वांत स्वस्त काडी मागवली. माझी घाई, दुसरं काय! पहिल्यांदा लावली तर चित्र काळं-पांढरं आणि वरखाली पळणारं. मला वाटलं कॅसेट गेली. मुलाने सेटिंग उघडलं, तर तिथे एनटीएससी लिहिलेलं. ती अमेरिका-जपानची पद्धत, ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला तो पॅल पद्धतीचा, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. पॅल निवडलं, ७२० बाय ५७६ हे माप ठेवलं, आणि पडद्यावर रंग आले.

पण अर्ध्या तासाने आवाज आणि ओठ यांचा मेळ बसेना. कारण नंतर कळलं. जुन्या फितीतून येणारं चित्र थोडं थरथरतं. टीव्ही ते सांभाळून घेतो. कॉम्प्युटरला मात्र प्रत्येक चित्र ठरल्या वेळी हवं असतं, नाही आलं की तो ते सोडून देतो. चित्रं गळत जातात, आवाज चालूच राहतो, आणि दोघांची फारकत होते. त्यात आमची काडी फक्त चित्र घेत होती, आवाज आम्ही कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकातून वेगळा घेत होतो. म्हणून घेतलंच तर चित्र आणि आवाज दोन्ही स्वतः घेणारं यंत्र घ्या, आणि आपल्या विंडोजवर चालतं का ते आधी विचारा. हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह २ हे असं एक यंत्र. त्यात ट्यूनर नाही, फक्त कॅप्चर आहे. पिवळ्या पिनेखेरीज एस-व्हिडिओची गोल पिनही त्याला लागते. यंत्र कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीत थेट लावा, मध्ये वाटणी करणारा हब नको.

जागेचाही हिशोब आहे. काहीही न दाबता उतरवलं तर तासाला जवळजवळ ७५ जीबी लागतात. डीव्ही पद्धतीत सुमारे १३, आणि डीव्हीडीसारख्या एमपेग-२ मध्ये ३ ते ४ जीबी. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. आमची पहिली कॉपी तिथेच अडकली होती.

आता पुन्हा खरेदी करायची का? ह्यांनी विचारलं, "कॅसेट किती तासांच्या आहेत?" सगळं मिळून चार तास. चार तासांसाठी एक यंत्र घरात आणायचं, आणि नंतर तेही पोटमाळ्यावर! परिग्रहाची मर्यादा घेतलेल्या बाईला हे कळायला ह्यांनी विचारावं लागलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे चांगलं कॅप्चर यंत्र आणि जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून होता. त्याने दोन दिवसांसाठी दिला. व्हीसीआर आणि यंत्र यांच्यामध्ये तो रेकॉर्डर जोडला की चित्राची थरथर बरीच कमी होते, हेही त्यानेच दाखवलं.

खरी अडचण पुढेच होती. दोन्ही कॅसेट उजेडात धरून पाहिल्या त्याने. समारंभाची ठीक होती. वरघोड्याच्या कॅसेटमध्ये, छोट्या खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या फितीच्या कडेला, पांढरी भुकटी होती. बुरशी. तो म्हणाला, "ताई, ही अशीच लावू नका. व्हीसीआरचं हेड खराब होईल आणि दुसऱ्या कॅसेटलाही लागेल. उघडून स्पिरिटने पुसून देतो, अर्ध्या तासाचं काम."

मी गप्प झाले. इरियावहिया म्हणताना 'पणग' हा शब्द रोज तोंडी येतो. पणग म्हणजे हीच, फुलण. लहानपणापासून शिकलोय की त्या टाचणीएवढ्या जागेत अनंत जीव असतात. श्रावकाचं व्रत मुख्यतः त्रस जीवांचं, स्थावर जीवांच्या बाबतीत आपल्याला मर्यादा आणि जयणा सांगितली आहे, हे मला माहीत आहे. रोज भाजी चिरतेच की मी. तरी आठवणीसाठी स्पिरिटचा बोळा फिरवायला मन होईना. दुसरीकडे आईचा चेहरा दिसत होता. महासतीजींना विचारून उपयोग नव्हता. अशा सावद्य कामाला त्या हो म्हणत नाहीत. आपलं आपणच ठरवायचं असतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, "राहू दे ती. चातुर्मासाआधी पापडाच्या डब्याला ऊन दाखवतो, हिला दाखवलं नाही. चूक आपली, त्या जीवांची नाही."

समारंभाची कॅसेट उतरवली आणि लॅपटॉप घेऊन धुळ्याला गेले. मला वाईट वाटत होतं, की आईने मागितली वरघोड्याची आणि मी घेऊन चाललेय दुसरीच. पडद्यावर सभामंडप आला. ताई लाल शालूत, हातभर मेंदी. पाहुण्यांची भाषणं झाली. मग अप्पा उठले, आज्ञापत्र वाचायला. दोन ओळी खणखणीत वाचल्या. तिसऱ्या ओळीला आवाज चिरकला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी आज्ञा आहे," एवढंच शेवटी ऐकू आलं.

आई म्हणाली, "मागे घे." मी घेतलं. ती पुन्हा म्हणाली, "मागे घे."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला हीच पाहायची होती."

"अगं, तू तर ताईच्या..."

"महासतीजींना तर दरवर्षी चातुर्मास असेल तिथे जाऊन वंदन करून येते. यांचा आवाज आणखी कुठे आहे?"

मी अठ्ठावीस वर्षं त्या कॅसेटला ताईची कॅसेट समजत होते.

वरघोड्याची कॅसेट आता स्टीलच्या घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून, इतर सगळ्यापासून वेगळी ठेवली आहे. पुसली नाही, फेकलीही नाही. पुढे काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. उतरवलेल्या फाइलच्या तीन प्रती केल्या. एक आईकडे, एक आमच्याकडे, एक भावाकडे. बास तेवढ्या.

तुमच्याही पोटमाळ्यावर अशी एखादी पिशवी असेल. यंत्राच्या चौकशीला नंतर लागा. आधी कॅसेट खाली काढा, खिडकीतून उजेडात बघा, कोरड्या जागी उभी ठेवा आणि किती तासांच्या आहेत ते मोजा. दोन-चार असतील तर यंत्र उसनं मागा किंवा स्टुडिओत द्या. खोकंभर असतील तरच विकत घ्या. व्हीसीआर असेल तर तो भंगारात देऊ नका. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची मोठी कंपनी होती. नवा आता मिळणार नाही.

आणि कॅसेट कुणाची आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्या.