छताला टांगलेला मासा

जून २०१९ च्या अखेरीस, हळदीचा हंगाम उतरणीला लागल्यावर, मसाल्याच्या काही आयातदारांशी बोलणी करण्यासाठी ह्यांना सहा दिवस लंडनला जावे लागले. सोबत मी आणि आमची साडेतीन वर्षांची लेक गेलो. चातुर्मास लागण्यापूर्वी परतायचे, हे निघतानाच ठरले होते. आणखीही एक गोष्ट ठरली होती. बैठका आटोपल्यावर शेवटचे दोन दिवस तिघांनी मिळून शहर पाहायचे. तोवर मायलेकींनी हॉटेलवर थांबायचे. सासूबाईंनी ही अट घातली आणि मी मान डोलावली. त्यात मला वावगे काही वाटलेही नाही. लग्नाला अकरा वर्षे झाली, पण हिंगोलीहून मी एकटी नांदेडलासुद्धा कधी गेले नव्हते. परभणीला माहेरी जायचे तरी भाऊ न्यायला येई.

हॉटेल अर्ल्स कोर्ट भागात होते. खोली एवढीशी, की दोन बॅगा उघडल्या तर पलंगावरून चढून न्हाणीघरात जावे लागे. खिडकी चार बोटांपलीकडे उघडत नसे. पहिल्या दिवशी सकाळी आठला हे गेले आणि अकरापर्यंत आमचे सगळे खेळ संपले. चित्रे रंगवून झाली, साबणाचे फुगे झाले, लाह्यांचा चिवडा सांडून झाला. दुपारी लेक काचेला कपाळ टेकवून खालून जाणाऱ्या लाल बस पाहत उभी राहिली आणि वळून म्हणाली, "आई, आपण लंडनला कधी जायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, लेकीला बाबागाडीत बसवले आणि खाली उतरले. ह्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर ते नको म्हणाले नसते कदाचित, पण बैठकीत त्यांचे लक्ष लागले नसते. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली.

जायचे होते दोनच स्थानके पुढे, साउथ केन्सिंग्टनला. भुयारी रेल्वेत चढणे सोपे गेले. उतरल्यावर मात्र समोर जिना, आणि बाबागाडीसाठी लिफ्ट नाही. लेक, पिशवी आणि गाडी, हात दोनच. मी भिंतीला टेकून माणसे ओसरण्याची वाट पाहू लागले. तेवढ्यात कोटातला एक तरुण थांबला, काही न विचारता त्याने गाडीची पुढची चाके उचलली आणि मी मागची बाजू धरली. वर पोहोचताच तो निघूनही गेला. आभाराचे इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत दिसेनासा झाला. पुढे चार दिवसांत हा अनुभव इतक्यांदा आला, की जिना दिसला तरी माझी छाती धडधडेनाशी झाली. कडेवर मूल असले की लोक वाट देतात, हे मात्र आपल्याकडच्या एसटीतही खरे आहे.

स्थानकातून एक लांब, फरशी बसवलेले भुयार थेट संग्रहालयांपर्यंत जाते. निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात शिरले आणि मान वर झाली ती तशीच राहिली. दालनाच्या छतापासून निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा झेपावल्यासारखा टांगलेला आहे. १८९१ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला हा जीव; २०१७ पासून या दालनात आहे. आमच्या अडतीच्या दुकानाची खोली मामंजी नेहमी पोत्यांच्या हिशेबात सांगतात. मीही नकळत तसाच हिशेब मांडला आणि तो मासा दुकानात मावणार नाही, इतपत निष्कर्षाला आले. लेकीने फरशीवर चक्क आडवे पडून त्याच्याकडे पाहिले. मी तिला उठवू गेले, तर शेजारी आणखी तीन मुले तशीच पडलेली होती.

"तो मेला का?" तिने विचारले. हो म्हटले. "कुणी मारलं?" किनाऱ्यावर वाळूत रुतला आणि परत पाण्यात जाता आले नाही, एवढेच मी सांगितले. त्याचा शेवट माणसांच्या हातून झाला, हे फलकावर वाचले होते, ते गाळले. त्या दिवशीची ती माझी पहिली लपवाछपवी.

ही इमारत उघडली एप्रिल १८८१ मध्ये. त्याच महिन्यात पंडिता रमाबाईंची मनोरमा जन्मली. परभणीच्या महाविद्यालयात मराठी घेऊन बी. ए. केले तेव्हा रमाबाईंवर निबंध लिहिला होता, म्हणून ही तारीख लक्षात राहिली. १८८३ मध्ये पतीच्या निधनानंतर दोन वर्षांच्या लेकीला घेऊन त्या इंग्लंडला आल्या. प्रवासखर्चाची तजवीज 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकातून केलेली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत त्याच वर्षी वारल्या आणि परक्या देशात मायलेकी दोघीच उरल्या. पुढे त्यांनी धर्म बदलला, त्यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्या दालनात आठवले ते वेगळेच. धर्म बदलला तरी त्या शाकाहारीच राहिल्या, आणि वाँटेजच्या मठात त्यावरून त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. शिवाय १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी मनोरमेला घेऊनच त्या समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. निबंधात हे सगळे मी दोन ओळींत उरकले होते. बाबागाडी नव्हती, भ्रमणध्वनी नव्हता, दशम्या नव्हत्या. ती बाई काय खात असेल आणि लेकीला काय भरवत असेल, हा प्रश्न बी. ए. ला असताना मला पडला नव्हता.

बाहेर येऊन पायऱ्यांवर आम्ही दशम्या खाल्ल्या. तेवढ्यात फोन वाजला. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे दुपारचे चार. आरती आटोपून सासूबाई त्याच वेळी फोन करतात. "कुठे आहात?" मी म्हणाले, "खोलीत." मागून बस गेली. "आवाज कसला गं?" म्हणाले, "खिडकी उघडी आहे."

येताना बसने आलो. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी लेकीला रंगीत, मऊ गोळ्यांचे पाकीट पुढे केले आणि तिने एक मुठीत घेतलीही. मी पाकीट मागून वाचले: जिलेटिन. जनावरांची हाडे-कातडी उकळून काढलेला पदार्थ. मी तिची मूठ उघडू लागले, ती आवळू लागली. शेवटी एकेक बोट सोडवून गोळी काढून घेतली, आणि तिने बस डोक्यावर घेतली. आमच्या खाण्यात प्राण्यापासूनचे असे काही चालत नाही, हे मोडक्या इंग्रजीत मी आजींना सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा चढवून पाकीट स्वतः वाचले आणि म्हणाल्या, की लहानपणापासून या गोळ्या खाते आहे, पण यात काय असते ते कधी वाचले नव्हते. मग उठून त्यांनी खिडकीची जागा लेकीला दिली. लेक गप्प झाली. मला मात्र चैन पडेना. घरात नियम मी तिला लावला होता, कारण कधी सांगितले नव्हते. रात्री सांगितले. "त्या माशाच्या हाडांसारखी हाडं?" तिने विचारले. आता तिला मासा लपवण्यात अर्थ नव्हता.

रात्री म्हणायचे, पण उजेड लख्ख होता. तिथे जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आपली नेहमीची धांदल तिथे नव्हती. अडचण उलटीच झाली. "सूर्य मावळला की झोपायचं" हा आमचाच नियम लेकीने आमच्यावर उलटवला.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी चेहरा पाहायचा म्हणून व्हिडिओ कॉल लावला. मी काही बोलण्याआधीच लेक ओरडली, "आजी, मी मासा बघितला! छताला टांगलेला! आई आणि मी आगगाडीत बसून गेलो!"

पलीकडे शांतता. मग मामंजींचा आवाज आला, "तिकीट किती पडलं?" प्रवेश फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. एवढा माल मांडून ठेवायचा आणि पैसा घ्यायचा नाही, हा व्यवहार त्यांना पटणारा नव्हता. सासूबाई मात्र व्यवहारावर बोलल्या नाहीत. "काल तू खोलीत आहेस म्हणालीस," एवढेच म्हणाल्या. मी चूक कबूल केली. त्या थोडा वेळ थांबल्या. "मी घाबरते म्हणून तू खोटं बोललीस. म्हणजे त्यात माझाही वाटा आला," म्हणाल्या आणि फोन मामंजींच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुपाचा त्याग केला होता, हे परत आल्यावर जाऊबाईंकडून कळले. त्या कधीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

ह्यांनाही त्याच संध्याकाळी सगळे सांगितले. "मला सांगायला हवं होतंस," एवढे बोलून ते बराच वेळ हिशेबाचे कागद चाळत बसले. सकाळी निघताना मात्र खिशातली सुटी नाणी माझ्यासमोर ठेवून गेले.

चौथ्या दिवशी बाहेर पडण्याआधी मी सासूबाईंना फोन केला आणि कुठे जाते आहे ते सांगितले. "पाणी गाळून घेतलंस ना?" त्यांनी विचारले.

त्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो. माझ्या यादीत दहा दालने होती; पाहिली दोन. संग्रहालयाच्या अंगणात उथळ, लंबगोल हौद आहे आणि त्यात मुले सर्रास पाय बुडवून खेळतात. लेक तिथे दीड तास होती. भारतीय शिल्पांकडे पोहोचलो तेव्हा तिचा फ्रॉक ओलाच होता. तिथे ग्यारसपूरहून आलेले, सातव्या शतकाच्या सुमाराचे पार्श्वनाथ आहेत. कमठाचे वादळ घोंघावते आहे आणि ध्यानस्थ भगवंतांवर धरणेंद्राने फणा धरला आहे. लेकीने फणा ओळखला. शिरड शहापूरला मल्लिनाथांसमोर बसते तशी ती मांडी घालून खाली बसली आणि मोठ्याने णमोकार म्हणू लागली. दालनातला पहारेकरी जवळ आला. ती उठवली जाईल म्हणून मी पुढे झाले, पण तो चार पावलांवर थांबला आणि तिचे पूर्ण होईपर्यंत त्याने मागून येणाऱ्यांना बाजूने जायला खुणावले.

मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. लगेच फोन आला. मूर्ती कुठली, किती जुनी, तिथे कशी आली, असे काही त्यांनी विचारले नाही.

"तिथे अभिषेक कोण करतं गं?" त्यांनी विचारले.

कुणी नाही, असे मी सांगितले. त्यांनी लेकीला फोन द्यायला सांगितला.