उलटा कारभार

रंग कसा द्यावा हे मला कुणी शिकवू नये, असं मी आमच्या नातवाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. माझी बत्तीस वर्षं एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत गेली आणि त्यांतली बरीचशी रंगखात्यात. ॲल्युमिनियमचे पत्रे रिबिटा मारून बसवून झाले, की ते पुसायचे. मग प्रायमर, मग पुट्टी, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं घासणं, आणि सरतेशेवटी तो लाल रंग. ज्या लाल डब्याला तुम्हीआम्ही उठल्यासुटल्या नावं ठेवतो, त्याच्या अंगावर रंगाचा एक ओघळ राहिला तरी त्या रात्री मला जेवण गोड लागत नसे. असा मी गृहस्थ हातभर लांबीच्या खेळण्यातल्या मोटारीपुढे नापास झालो, त्याची ही हकीकत.

गेल्या साली सौ. आणि मी सहा महिने न्यू जर्सीला चिरंजीवांकडे राहून आलो. तिथे करण्यासारखं मला काही नव्हतं. सकाळी फिरायला जावं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि घरात काही दुरुस्त करावं तर काही बिघडत नाही. तेरा वर्षांच्या नातवाला मात्र क्षणाची फुरसत नव्हती, कारण त्याच्याजवळ रेडिओवर चालणारी मोटार होती. आपल्या लहानपणच्या चावीच्या मोटारीची ही पणती. पण पणजीचा संथपणा हिच्यात नावाला नाही. हातात यंत्र घेऊन उभं राहावं, घोडा दाबावा, की ही बया सायकलवाल्याला मागे टाकून समोरच्या फुटपाथच्या कडेवर जाऊन आदळते. तामिया नावाच्या जपानी कंपनीनं १९७६ साली अशी पहिली पोर्शे मोटार बाजारात आणली आणि तेव्हापासून पोरांनी, व पोरांच्या नावाखाली बापांनी, हा नाद जगभर नेला.

या मोटारीची बॉडी म्हणजे एक कवच असतं. चार खांबांवर बसवायचं आणि पिना लावून अडकवायचं. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी. आणि दुकानात ती मिळते ती अगदी पारदर्शक, काचेच्या बरणीसारखी. रंग मालकानं द्यायचा. नातवानं शेजाऱ्यांच्या अंगणातलं गवत कापून साठवलेल्या पैशांतून अशी एक कोरी बॉडी आणली होती. शनिवारी आपण दोघं मिळून रंगवू, असं आमचं ठरलं होतं.

मी शनिवारपर्यंत थांबलो नाही.

गुरुवारची दुपार. नातू शाळेत, सौ. झोपलेली. म्हटलं, निदान पुसून तरी ठेवावी. पोरगं घरी येईल तेव्हा काम अर्धं झालेलं असेल. रंगाआधी पत्रा थिनरनं पुसायचा, हे माझ्या हाताला मला न विचारता ठाऊक आहे. गॅरेजात कपाटाच्या पॉलिशातून उरलेला थिनरचा डबा सापडला. जुन्या बनियनचा बोळा केला, भिजवला, आणि बॉडीच्या आतून झकास हात फिरवला.

वाचकहो, दुधात लिंबू पिळल्यावर दूध जसं होतं, तसं ते प्लॅस्टिक माझ्या डोळ्यांदेखत झालं. आधी धुरकट, मग पांढुरकं, आणि समोरच्या काचेची जिथे वळण घेतलेली घडी होती तिथे बारीक भेगांचं जाळं. मी घाबरून नळाखाली धरली. धरताना अंगठ्याचा दाब पडला आणि 'कट्' असा आवाज झाला.

पुढे चिरंजीवांनी मला समजावून सांगितलं, की हे साधं प्लॅस्टिक नव्हे, पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना, ते शोधून काढलं. लेक्सान म्हणतात ते हेच. गाण्यांच्या सीडी याच्याच आणि चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचे पारदर्शक गोळेही याचेच. हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही. थिनर मात्र त्याचा काळ. चंद्रावर जाऊन आलेली वस्तू मी बनियनच्या बोळ्यानं मारली होती.

नातू आला. मी सगळं खरं सांगितलं. त्यानं बॉडी हातात घेतली, उजेडात धरली, आणि म्हणाला, "इट्स ओके, आजोबा." आणि वर आपल्या खोलीत गेला. रडला असता, ओरडला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्या 'ओके'नंतर तीन दिवस तो माझ्याशी इतक्या सभ्यपणानं वागला, की मला पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखं वाटू लागलं. सौ. एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण!" पण ती हे गेली पंचेचाळीस वर्षं म्हणत आली आहे.

त्याच रात्री चिरंजीव गॅरेजात आले. मी तिथेच बसलो होतो. म्हणाले, "बाबा, माझी सायकल आठवते तुम्हाला?"

आठवत होती. ते सहावीत असताना जुनी सायकल घेऊन दिली होती. मी एका रविवारी ती सोलून, घासून, एस.टी.च्या लाल रंगानं अशी रंगवली की वाड्यातली माणसं बघायला आली. (रंग दुकानातून विकत आणलेला होता, कार्यशाळेतला नव्हे, हे लिहून ठेवलेलं बरं.) चिरंजीव महिनाभरानं ती चालवीनासे झाले. कंटाळा आला असेल, असं मी समजत होतो.

"शाळेत मला लाल डबा म्हणायचे," ते म्हणाले. "मला निळी हवी होती."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

एवढं बोलून ते दिवा लावून आपलं काहीतरी शोधत राहिले. चाळीस वर्षं हे त्यांच्या पोटात होतं, आणि मला त्याची दाद नव्हती. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय?

दुसरी बॉडी मी माझ्या पैशांनी आणली. आणि नातवाला सांगितलं, की या वेळी मिस्त्री तू, मी हेल्पर. सांगशील तेवढंच करीन. त्याला हे पटायला दोन दिवस लागले. मग शनिवार उजाडला आणि माझी शाळा सुरू झाली.

पहिला धडा असा, की ही बॉडी आतून रंगवायची. बाहेरून दिलेला रंग पहिल्याच कोलांटीत खरडून जाईल. आतून दिला की ते पारदर्शक कवचच त्याची ढाल. मोटार रस्त्यावर घासली तरी ओरखडे प्लॅस्टिकवर, रंगाला धक्का नाही. पण आतून रंगवायचं म्हणजे सगळा उलटा कारभार! आम्ही बसवर शेवटी जे काढायचो ते इथे सर्वांत आधी. पट्टे आधी, अक्षरं आधी, मुख्य रंग नंतर, आणि आमचा जो प्रायमर तो इथे शेवटचा हात. शिवाय गडद रंग आधी, फिका मागून. कारण फिक्याच्या पाठीमागे काळा आला तर तो आरपार दिसून सगळं मळवतो. माझ्या आजोळी, वाईला, काचेच्या मागून रंगवलेला एक बाळकृष्ण होता. त्याच्या गळ्यातले मोती चिताऱ्यानं अंगाच्या आधी काढले असणार, हे त्याला वर्षानुवर्षं नमस्कार करूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं; ते त्या गॅरेजात आलं.

थिनर बाद. भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, मग पुरतं वाळवणं. खिडक्यांवर आतून कागद चिकटवायचे. रंग पॉलिकार्बोनेटचाच हवा. तो वाळल्यावरही लवतो. साधा ऑइलपेंट दिला तर पहिल्या धडकेला पापुद्रे सुटतात. फवारणी हलकी, चारपाच वेळा, मधे वाळू देऊन. या बाबतीत मात्र पोराच्या हाताला घाई होती आणि माझ्या हाताला नव्हती. पहिले दोन हात त्यानं मारले. तिसऱ्या वेळी डबा गुपचूप माझ्यापुढे सरकवला.

आणि मग त्यानं विचारलं, "आजोबा, मागे पुण्याचा नंबर लिहाल?"

लिहीन! आयुष्यभर अक्षरं रंगवली मी. पण आतून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं. बाहेरून वाचणाऱ्याला सुलटं दिसलं पाहिजे. न्हाणीघराच्या आरशासमोर बसून मी दोन दिवस 'एमएच १२' गिरवलं. 'म' उलटा काढताना हात असा अडखळतो, की पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. डब्याच्या झाकणात थोडा काळा रंग फवारून घेतला आणि बारीक ब्रशनं अक्षरं काढली. ती वाळल्यावर मागे पांढरा दिला. नातवानं पलटून पाहिलं. देवनागरी त्याला अडखळतच वाचता येते, पण त्यानं ती वाचली. मग काळे पट्टे, मग त्याच्या पसंतीचा नारिंगी, आणि त्याच्या पाठीला पांढरा, म्हणजे नारिंगी खुलतो. लाल रंगाची मी गोष्टसुद्धा काढली नाही.

बॉडीच्या बाहेरून एक पातळ कागदी कांती असते. फवारा उडून बाहेरची बाजू डागळू नये म्हणून. ती सगळं झाल्यावर सोलून काढायची. तोवर बाहेरून पाहिलं तर मळकट, निस्तेज. नातवानं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला दिलं. काय सांगू, कार्यशाळेतून शेकडो गाड्या बाहेर पडताना पाहिल्या, पण असा चकचकाट नाही पाहिला.

आता राहिली मजबुती. या बॉड्या तडकतात त्या ठरलेल्या जागी: चाकांच्या कमानी, पुढचे कोपरे आणि खांबांसाठी पाडलेली भोकं. कापलेल्या कडेला एक बारीकशी खाच राहिली तरी चीर तिथूनच धावते. म्हणून कडा पॉलिशपेपरनं गुळगुळीत करायच्या. आणि चीर पडलीच, तर तिच्या टोकाला एक बारीक गोल भोक पाडायचं. हे ऐकल्यावर मी खुर्चीतून उठलोच. अरे, हे तर आमचं! बसच्या पत्र्याला चीर गेली की ठिगळ मारण्याआधी आम्ही हेच करायचो. टोकदार चिरेच्या अणीवर सगळा ताण गोळा होतो. गोल भोकाच्या कडेवर तो पांगतो. कोपऱ्याकोपऱ्यांशी साचलेल्या या ताणानंच १९५४ साली कॉमेट जातीची विमानं आकाशात फाटली. तेव्हापासून विमानाच्या खिडक्यांचे कोपरे चांगले गोलसर करतात. त्या दिवशी प्रथमच नातू माझ्याकडे, काहीतरी जाणणारा माणूस म्हणून, बघत होता.

अस्तरासाठी लागतं ते दोनच वस्तू. भिंतीच्या तक्त्यांचे सांधे झाकायला काचतंतूंची जाळीदार चिकटपट्टी मिळते, ती; आणि बुटांचे तळ चिकटवायचा 'शू गू' नावाचा डिंक. रंग पुरता वाळला, की आतून कोपऱ्यांवर जाळीचे तुकडे लावायचे आणि वरून तो डिंक आइस्क्रीमच्या काडीनं पातळ पसरायचा. दार उघडं ठेवून, कारण वास डोक्यात जातो. दुसऱ्या दिवशी तो वाळून रबरासारखा होतो. मी म्हणत होतो, एपॉक्सी लावू, दगडासारखा होईल. "दगडासारखाच नको," मिस्त्री म्हणाले. बॉडी लवली पाहिजे. तिच्याबरोबर न लवणारी वस्तू तडकून सुटून येते.

इथे पुन्हा माझा स्वभाव उसळला. म्हटलं, कोपरेच का? छपरालाही लावू, बाजूंनाही लावू, एकदाच काय ते पक्कं होऊ दे. आणि मिस्त्री जेवायला गेले असताना मी... नाही, लावलं नाही. जाळी कापून हातात घेतली होती, हे कबूल करतो. पण थांबलो, आणि तो आल्यावर विचारलं. त्यानं स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. बॉडीवर ते सगळे तुकडे आणि डिंकाची नळी ठेवून दाखवली. छपरावर वजन चढलं की मोटार वळणावर कलंडते, म्हणाला; शर्यतवाले तर मुळीच अस्तर देत नाहीत, बॉडी फाटली की नवी घेतात. मी म्हटलं, "म्हणजे नाकापेक्षा मोती जड." त्याला अर्थ सांगावा लागला. मग दिवसभर तो जो दिसेल त्याला 'नाकापेक्षा मोती जड' म्हणत हिंडत होता, बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

रविवारी मोटार रस्त्यावर आली. तिसऱ्या फेरीत फुटपाथची कड लागली, तीन कोलांट्या झाल्या, आणि ती छपरावर पडून चाकं फिरवीत राहिली. आम्ही तिघे धावलो, चिरंजीवही होते. बाहेर ओरखडेच ओरखडे, पण रंग जिथल्या तिथे. डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिक जरा पांढरं पडलं होतं, चीर नव्हती. नातवानं उताणी करून अस्तर बोटानं चाचपलं आणि तशीच माझ्यापुढे धरली. चिरंजीव मागचा नंबर पाहत होते. "निळी असती तर," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो.

मी घालवलेली ती पहिली बॉडी टाकून दिलेली नाही. गॅरेजात खिळ्याला टांगली आहे; नवा रंग आणला की आधी तिच्यावर मारून बघतात.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुण्याला परतलो. परवा रात्री फोनवर नातवाचा चेहरा उमटला, पाठीमागे गॅरेज. मोटार कॅमेऱ्यापुढे आणून त्यानं मागचा उजवा कोपरा दाखवला. बोटभर चीर गेली होती, 'एमएच'च्या अगदी जवळ.

"आजोबा, भोक पाडू का?"

"टोक नीट दिसतंय का? उजेडात धर. दिसेल तिथे पाड, अलीकडे नको."

त्यानं दिव्याखाली धरली. सौ. फराळाचं ताट घेऊन उभी होती. तिला मी हातानंच थांब म्हटलं.