रानातली गाडी

आमच्या बारामती-इंदापूरकडे ‘मालक रानात गेलेत’ असे घरातल्या माउलीने सांगितले, तर नवख्या पाहुण्याने दचकू नये. इकडे रान म्हणजे शेत. झाडीचे जंगल आमच्या वाट्याला फारसे आलेलेच नाही. निरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस, आणि जिथे पोचले नाही तिथे कुसळी गवताचे उघडे माळ, असा सारा मुलूख आहे. तथापि भाद्रपदात उसाच्या दोन फडांमधल्या वाटेने मोटारसायकल घालून पाहावी. दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट उंचीचा ऊस, पाने तोंडावर येतात, दहा हातांपलीकडचे दिसत नाही, आणि चाकाखाली काळी माती. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक ओंडके आणि ओली मुळे ओलांडीत जंगलातून हलक्या टू-स्ट्रोक गाड्या हाकतात. त्यांना जे गाडीकडून हवे असते, तेच आम्हांलाही हवे असते.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात काढली. ऊसनोंदी तपासणे, क्षेत्र मोजणे, तोडणीचा क्रम लावणे या कामासाठी वस्त्यावस्त्यांवर जावे लागे. चिटबॉय मुलांकडे सायकल, फार तर लूना; दूधवाल्यांकडे एम-८०; आणि जरा वरच्या हुद्द्यावर राजदूत किंवा येझदी. (१९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने राजदूतची ती बुटकी गाडी घरोघर माहीत केली. आपल्यातल्या ब्रगांझा कुटुंबाची म्हणून आमच्या घरी ती अधिकच कौतुकाची झाली होती.) १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली. मी माझी घेतली १९९२ मध्ये. पुढे निवृत्तीनंतर ती गोठ्याशेजारच्या पडवीत गोणपाटाखाली उभी होती.

गेल्या वर्षी माझा वसईचा भाचा ठिबक सिंचनाच्या कामावर इंदापूर तालुक्यात नेमला गेला आणि गोणपाट निघाले. त्याच्यापुढे दोन पर्याय होते. एक, २०१९ पासून मिळणारी हीरोची एक्सपल्स : दोनशे सीसीची फोर-स्ट्रोक, पुढचे चाक एकवीस इंची, खड्ड्यांत न धडधडणारी. दुसरा, मामाची जुनी गाडी. नवी गाडी उत्तम आहे, यात शंका नाही. आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर डांबरी रस्ता असता तर मी तिचीच शिफारस केली असती. परंतु तिचे वजन दीडशे किलोंच्या वर. आरएक्सचे शंभराच्या आसपास. चारीच्या कडेला गाडी रुतली, आजूबाजूला हाकेच्या अंतरावर माणूस नाही, अशा वेळी हे पन्नास किलो मोजावे लागतात ते आपल्या कमरेने.

टू-स्ट्रोक हलकी का, हेही त्याला समजावून सांगितले. तिच्या माथ्यावर व्हॉल्व्हची यंत्रणा नाही. सिलिंडरच्या भिंतीतली दारे पिस्टनच उघडतो-मिटतो. फोर-स्ट्रोकमध्ये आसाच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे प्रत्येक फेरीत. इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा नसतो, पेट्रोलबरोबर आत जाणारे तेलच वंगण करते. त्यामुळे गाडी चिखलात आडवी झाली तरी उचलायची, पेट्रोलचा कॉक बंद करायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून चार किका मारायच्या, की ती पुन्हा बोलू लागते. याचे मोल धुरात द्यावे लागते. ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच बाहेर जातो, आणि याच कारणाने १९९६ व २००० च्या प्रदूषण-नियमांपुढे या गाड्यांचा टिकाव लागला नाही. आरएक्स १०० बंद झाली ती १९९६ मध्येच.

मग गाडी रानाजोगती करण्याचे काम निघाले. सगळ्यांत आधी हात लावला तो पुढच्या मडगार्डाला. शहरी माणसाला हे हास्यास्पद वाटेल. परंतु आमची काळी माती पावसात चाकाला थरावर थर चढवीत जाते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट भरते, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. मडगार्ड चार बोटे वर घेतले की निम्मी लढाई जिंकली. टायर त्याच मापाचे, पण उंच आणि विरळ गोट्यांचे, ज्यांना मिस्त्री बटन टायर म्हणतात. गोट्या दाट असल्या तर चिखल त्यांच्यात बसून टायर गुळगुळीत होतो. नंतर चेनसॉकेट. पुढचा एक दात कमी करणे किंवा मागचे तीनेक दात वाढवणे, दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच : गाडीचा अंतिम वेग थोडा उतरतो आणि हळू चालताना ओढ वाढते. भाचा यावर नाराज होता. वेग कमी करण्यासाठी पैसे खर्च करावेत, हे त्याच्या तरुण बुद्धीला पटेना! हवेच्या फिल्टरविषयी मात्र मी त्याचे काही ऐकून घेतले नाही. या इंजिनात धूळ शिरली तर ती थेट बेअरिंग आणि पिस्टनमधून जाते. स्वच्छ, तेलात भिजवून पिळलेला फोम हवाच.

खरा वाद झाला तो सायलेन्सरवरून. आमच्या भागात आरएक्स म्हटली की ‘पुंगळी काढली का?’ हा पहिला प्रश्न. आतली नळी काढली की गाडी ‘फायरिंग’ करते आणि दोन वाड्यांपलीकडची माणसे दारात येतात. भाच्याला तेच हवे होते. मी त्याला पूर्व जर्मनीची गोष्ट सांगितली. एमझेड कारखान्यातील वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात दाखवून दिले, की टू-स्ट्रोकचा धूर जाण्याचा मार्ग हा इंजिनाचाच अवयव आहे. नळी आधी फुगत आणि मग निमुळती होत गेली, तर आतली दाबाची लाट मागे परतून येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेगनर १९६१ साली स्वीडनमधील शर्यतीहून परस्पर पश्चिमेकडे निसटला आणि ते ज्ञान घेऊन सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी तो सुझुकीवर पन्नास सीसी गटाचा जगज्जेता झाला. ज्या नळीच्या आकारासाठी एवढे रामायण घडले, ती आपण पक्कडीने उचकटून फेकून द्यायची? मागचा दाब बिघडला की सावकाश चालतानाची ओढ उणावते, आणि रानात आपल्याला तीच तर हवी आहे. पुंगळी काढायची ती तिच्यावर साचलेला कार्बन जाळून साफ करण्यापुरती. मग परत जागेवर.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले.

या सगळ्यात वसईहून बहिणीचा फोन आला. “दादा, माझं एकच पोर आहे. ती गाडी त्याला देऊ नकोस.” तिला मी काय सांगणार? टू-स्ट्रोकला अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा अडसर फारसा मिळत नाही. थांबवायचे ते ब्रेकनीच. ते ड्रमचे, चारीतून गेल्यावर आत पाणी शिरले की काही क्षण धरतच नाहीत. कालव्याच्या भरावावर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल उतार असतो. मी नवे ब्रेक-लायनर बसवले, आणि पाण्यातून निघाल्याबरोबर ब्रेक हलके दाबून सुकवायचे कसे, हे त्याच्याकडून तीन दिवस करून घेतले. बहिणीला तेवढेच कळवले. ती फोनवर बराच वेळ गप्प होती.

माळाचा प्रश्न मात्र राहिला होता. कडबनवाडीच्या गवताळ माळावरून गाडी उधळावी, असे त्याच्या मनात होते. कोणालाही वाटावे इतका तो माळ मोकळा दिसतो. पण ते चिंकाऱ्यांचे, लांडग्यांचे, खोकडांचे घर आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले, ते चिंकाऱ्यासाठीच, आणि तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. धाविक, चंडोल हे पक्षी तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. गाडीवरून ती दिसणे अशक्य. गवतातून एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसात तीच ओघळ होते. मी स्पष्ट सांगितले, की गाडी माळावर गेली तर किल्ली परत माझ्याकडे. तो रुसला. चार दिवसांनी एका धनगर म्हाताऱ्याबरोबर पायी माळ फिरून आला आणि चिंकारा पाहिल्याचे मुद्दाम मला न सांगता मामीला सांगितले.

गाडीवर अजून एमएच-१२ चाच क्रमांक आहे. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. शिवाय आता मालकी त्याच्या नावावर करायची आहे. त्यासाठी पुढच्या सोमवारी आम्ही दोघे बारामतीच्या परिवहन कार्यालयात जाणार आहोत, आणि जाण्यापूर्वी मडगार्डाखालचा चिखल त्याने स्वतः काढायचा असे ठरले आहे.