आधी काय संपतं

ढोकी, १८ ऑगस्ट
अकरावीला आज लिमिटिंग रिएजंट घेतलं. फळ्यावर लिहिलं: कॅल्शिअम क्लोराइड ४.४१ ग्रॅम, सोडिअम कार्बोनेट ४.२४ ग्रॅम. पाण्यात विरघळवून एकत्र केले, तर आधी काय संपेल? "सोडा, सर. त्याचंच वजन कमी आहे की!" बहुतेकांचं उत्तर हेच. दरवर्षी पोरं इथंच अडतात आणि मला हीच जागा शिकवायला सगळ्यात आवडते. आमच्या बाटलीतल्या कॅल्शिअम क्लोराइडमध्ये स्फटिकजलाचे दोन रेणू आहेत, ते धरून एक मोल १४७ ग्रॅमचा. म्हणजे ते ०.०३ मोल. सोडा निर्जल, मोल १०६ ग्रॅमचा, म्हणजे ०.०४. अभिक्रिया एकास एक. वजनाने जास्त असलेलंच आधी संपणार.

१९ ऑगस्ट
प्रयोगशाळेत करून बघितलं. दोन्ही द्रावणं एकत्र होताच पांढरा अवक्षेप आला, आधी मऊ, दह्यासारखा. तसाच गाळला तर गाळणकागद तुंबतो, म्हणून मिश्रण थोडं गरम केलं. मग तो रवाळ होऊन तळाशी बसला.
खरी गंमत वरच्या नितळ पाण्यात. ते दोन परीक्षानळ्यांत घेतलं. एकीत सोड्याच्या द्रावणाचे थेंब टाकले, काही नाही. दुसरीत कॅल्शिअम क्लोराइडचे टाकले आणि पाणी पांढरं झालं. सोडा शिल्लक होता. मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली नि नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. अवक्षेपाकडे सगळेच बघतात. काय संपलं ते उरलेलं पाणी सांगतं. यापुढे हे उदाहरण नळीशिवाय शिकवायचं नाही.

२१ ऑगस्ट
अवक्षेप वाळला. हिशेबाने ३ ग्रॅम यायला हवा, ०.०३ मोल गुणिले १००. थोडा कमी भरला. काही चंचुपात्राला चिकटला.

१७ नोव्हेंबर
रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या. शेजारी एक काका आहेत, साखर कारखान्यात केमिस्ट होते. संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो. रसात कालवलेला चुना घालतात आणि गंधकाचा वायू सोडतात. कॅल्शिअम सल्फाइटचा अवक्षेप बसताना रंग नि घाण घेऊन जातो. ५६ किलो कळीच्या चुन्याला ६४ किलो वायू, आणि वायूसाठी ३२ किलो गंधक. वायू फार झाला तर सल्फाइट पुन्हा विरघळतं, म्हणून सामू सातच्या आसपास राखायचा.
पण काकांचा भर फॉस्फेटवर. ते उसातूनच येतं. चुन्याशी त्याचे गुठळीदार कण होतात, तेच बारीक घाण धरून खाली नेतात. लिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅम फॉस्फेट (पी-टू-ओ-फाइव्ह धरून) हवं. कमी असेल तर फॉस्फोरिक आम्ल घालतात. "चुना कितीही ओत, फॉस्फेट संपलं की संपलं. वरचा चुना रसात राहतो आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर धरतो."
रात्री हिशेब मांडला. तीन चुन्याला एक पी-टू-ओ-फाइव्ह, म्हणजे १६८ ला १४२. ३०० मिलिग्रॅमला चुना ३५५, २०० ला २३७. रसात २०० असताना ३५५ घातला, तर ११८ मिलिग्रॅम चुन्याला जोडीदार नाही. उद्या वर्गाला हेच गणित देतो, काकांनाही बोलावतो.