पुस्तकातला रिकामा माणूस

नागपुरातल्या गिरणीला कुलूप लागलं, तसा माझा थोरला भाऊ पत्र्याची पेटी घेऊन गावी परत आला. शेती पाच एकर. ती मी आन बायको दोघंच ओढत होतो. आता दादा-वहिनीही आले. गिरणीत दादा कामगार होता, गावात शेतकरी झाला. कागदावर बेकार काही झाला नाही.

त्याचा पोरगा नागपूरला अर्थशास्त्र शिके. सुटीत एकदा ओसरीवर मोठ्यानं वाचत बसला. ‘प्रच्छन्न बेकारी’ असा शब्द आला. मी विचारलं, “हे काय असते बाप्पा?”

“काका, दोघायच्या कामाले चौघं लागले असन, तं त्यातले दोघं नुसते दिसाले कामावर. त्यायले काढलं तरी पीक तेवढंच येते.”

दादा तिथंच दोर वळत होता. त्याचा हात थांबला. पोरानं वर पाहिलं आन पुस्तक मिटवलं. कोणी काही बोललं नाही.

मी दहावी शिकलेला, पण तो शब्द काट्यासारखा रुतला. उन्हाळ्यात चौघं कडुनिंबाखाली बसलो, की पुस्तक खरं वाटे. कापूस फुटला, वेचणीले मजूर मिळेना, की तेच पुस्तक खोटं वाटे.

पुढं पोरानंच सांगितलं. आर्थर लुईस नावाच्या पंडितानं 1954 साली खेड्यात माणसं जास्तीची आहेत असं मांडलं. थिओडोर शुल्ट्झनं 1964 च्या पुस्तकात हिंदुस्थानातली 1918 ची तापाची साथ तपासली. माणसं मेली तसा पेराही घटला होता. म्हणजे जास्तीचं कोणी नव्हतं. 1979 साली अर्थशास्त्राचं नोबेल दोघांना एकदमच मिळालं! मले हसू आलं. मानमोडीच्या साली वावरं पडीत राहिली, हे आमची आजी चुलीपुढं बसून सांगायची. तिनं कोणतं पुस्तक वाचलं होतं?

दादाले जाऊन तीन वर्षं झाली. त्या खरिपात नाल्याकडचं एक एकर आमच्यानं पेरणं झालं नाही. पोरगा आला, त्या पडीत वावरात उभा राहिला.

“काका, एवढं बाबा एकटेच करत होते?”

“हो. आन वरून दोरही वळत.”